रक्कम दामदुप्पट केव्हा होते?

डाकघरात किसान विकास पत्र घेणाऱ्यास आपली रक्कम किती महिन्यांत दुप्पट होईल, हे आधीच सांगितले जाते. १ एप्रिल २०२३ रोजी व्याजाचा दर ७.५ टक्के ठरला, तेव्हा ही मुदत ११५ महिने जाहीर झाली. हा आकडा कोठून आला, असे एखाद्या गावकऱ्याने विचारल्यास शिक्षकांना त्याचे उत्तर फळ्यावर मांडून दाखविता येईल.

एका रुपयाचे वर्षअखेरीस १.०७५ रुपये होतात. पुढील वर्षी व्याजावरही व्याज चढते. म्हणून दुपटीस लागणारी वर्षे क्ष मानल्यास, १.०७५ चा क्षवा घात बरोबर २, असे समीकरण मिळते. येथे अज्ञात राशी घातांकात जाऊन बसली आहे. नेहमीच्या बेरीज-वजाबाकीने ती मोकळी होत नाही. १६१४ मध्ये जॉन नेपिअर याने प्रसिद्ध केलेली लॉगरिथमची युक्ती या ठिकाणी उपयोगी पडते. दहाचा कितवा घात केला असता एखादी संख्या मिळते, तो घातांक म्हणजे त्या संख्येचा लॉग. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की घातांक खाली उतरून गुणक होतो:

क्ष × लॉग १.०७५ = लॉग २

कोष्टकात लॉग २ = ०.३०१० आणि लॉग १.०७५ = ०.०३१४ असे आढळते. भागाकार सुमारे ९.५९ वर्षे, म्हणजेच ११५ महिने.

येथे विद्यार्थी एक चूक हमखास करतात. दोन लॉगांचा भागाकार न करता ते २ ला १.०७५ ने भागून त्याचा लॉग घेतात. तसे केल्यास रक्कम सव्वातीन महिन्यांतच दुप्पट झालेली दिसेल! असे उत्तर पाहूनच शंका यावयास हवी.

हेच गणित उलटही करता येते. १९८८ मध्ये ही योजना सुरू झाली, तेव्हा दुपटीची मुदत साडेपाच वर्षे होती. ०.३०१० ला ५.५ ने भागल्यास ०.०५४७ येतात, तो लॉग १.१३४ चा आहे. अर्थात दर सुमारे १३.४ टक्के पडत होता.

बचतीपेक्षाही कर्जाच्या बाबतीत हा हिशेब अधिक निकडीचा आहे. शेकडा दरमहा ३ रुपये हा दर ऐकावयास किरकोळ वाटतो. सरळ व्याजाने कर्ज दुप्पट होण्यास ३३ महिने १० दिवस लागतात. परंतु दरमहा चक्रवाढ असल्यास ०.३०१० ला लॉग १.०३ ने, म्हणजे ०.०१२८ ने, भागावे लागते. दुपटीस साडेतेवीस महिनेच पुरतात. काहीच न फेडल्यास दहा हजारांचे चार वर्षांत ४१ हजारांवर होतात. व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा अधिक मागता येऊ नये, असा दामदुपटीचा नियम जुन्या मुंबई इलाख्यात हिंदू ऋणकोंना लागू होता, तो उगाच नव्हे.

कोष्टक जवळ नसल्यास ७२ ला दराने भागावे. दर फार मोठा नसेल तर उत्तर बरेच जवळचे येते: ७.५ टक्क्यांना ९.६ वर्षे, आणि दरमहा ३ रुपयांना २४ महिने.