एका स्पॅनिश ख्रिस्ती स्तोत्राचे कर्तृत्व : भाषांतराच्या संदर्भात

प्रस्तावना

स्पॅनिश भाषिक प्रॉटेस्टंट उपासनेत ‘कुआन ग्रांदे एस एल’ (तो किती थोर आहे) हे स्तोत्र सर्वपरिचित आहे. काही गीतसंग्रहांत त्याचे कर्तृत्व स्वीडिश कवी कार्ल बोबर्ग यांच्याकडे, तर काहींत इंग्रज मिशनरी स्टुअर्ट हाइन यांच्याकडे दिलेले आढळते. हा केवळ नोंदीतील फरक नसून, भाषांतरित रचनेचा कर्ता कोणास म्हणावे असा मूलभूत प्रश्न त्यात गुंतलेला आहे.

मूळ रचना

बोबर्ग (१८५९–१९४०) यांनी १८८५ मध्ये ‘ओ स्तूरे गुद’ (हे थोर देवा) ही नऊ कडव्यांची कविता लिहिली. वादळ व त्यानंतर पसरलेली शांतता यांच्या अनुभवातून ती स्फुरली. १८८६ मध्ये मॉन्स्टेरोस येथील वृत्तपत्रात ती प्रसिद्ध झाली आणि पुढे एका स्वीडिश लोकधुनीवर गायली जाऊ लागली. म्हणजे शब्दांना ज्ञात कर्ता असला, तरी चाल लोकपरंपरेची आहे.

भाषांतरांची साखळी

१९०७ मध्ये मॅनफ्रेड फॉन ग्लेन यांनी कवितेचे जर्मन भाषांतर केले. त्या आधारे इव्हान प्रोखानोव्ह यांनी १९१२ मध्ये रशियन रूप सिद्ध केले. पूर्व युरोपात कार्य करीत असताना हाइन (१८९९–१९८९) यांना हे रशियन रूप भेटले. त्यांच्या इंग्रजी रचनेची पहिली दोन कडवी त्यावर आधारलेली आहेत. तिसरे, वधस्तंभावरील बलिदानाचे, आणि चौथे, ख्रिस्ताच्या पुनरागमनाचे, ही कडवी मात्र त्यांची स्वतःची आहेत. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे इंग्रजी रूप ‘हाऊ ग्रेट दाऊ आर्ट’ या नावाने ओळखले जाते. बिली ग्रॅहम यांच्या १९५७ च्या न्यूयॉर्क येथील सभांमुळे त्याचा प्रसार अधिक झाला.

स्पॅनिश रूप

आर्तुरो हॉटन यांचे स्पॅनिश भाषांतर बोबर्ग यांच्या नऊ कडव्यांचा नव्हे, तर हाइन यांच्या चार कडव्यांचा क्रम अनुसरते. त्यामुळे त्याचा पूर्वार्ध चार भाषा ओलांडून आलेला आहे, तर उत्तरार्धाचे मूळ थेट इंग्रजीत आहे. इंग्रजी ध्रुवपदात देवाला ‘तू’ असे संबोधन आहे. स्पॅनिश ध्रुवपदात ‘तो’ येतो. प्रार्थनेतील संबोधन येथे साक्षीचे रूप धारण करते. हा बदल लहान वाटला, तरी गाणाऱ्याची भूमिका त्याने पालटते.

निष्कर्ष

केवळ बोबर्ग यांचे नाव दिल्यास स्तोत्राचा उत्तरार्ध निनावी राहतो. केवळ हाइन यांचे दिल्यास मूळ कवी लोपतो. आणि दोघांच्या नावांत हॉटन यांची भाषिक निवड झाकली जाते. म्हणून अशा रचनांच्या नोंदीत मूळ कवी, मध्यस्थ भाषांतरे, नव्याने जोडलेली कडवी व चालीचे मूळ यांचा स्वतंत्र निर्देश होणे अगत्याचे ठरते.