युकुलेलेला ओव्हरड्राइव्ह: आधी पिकअप बघा
रायपूरहून बोलतोय. गिटारवाल्यांचं नावाजलेलं ओव्हरड्राइव्ह पेडल मी आणलं आणि थेट इलेक्ट्रिक युकुलेलेला जोडलं. आवाज पातळ आणि कर्कश! दोष पेडलचा नव्हता, घाई माझी होती.

नायलॉनच्या तारा चुंबकी पिकअपला कळत नाहीत, म्हणून तिथे पिझो असतो. पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पीडन्स साधारण १ मेगाओहमपेक्षा कमी असला, की पिझोचे खालचे स्वर गळतात. वाद्यात बॅटरीवरचा प्रीअँप नसेल, तर पेडलच्या आधी तो लावा. पोलादी तारा आणि चुंबकी पिकअप असेल, तर गरज नाही.

मग ड्राइव्ह कमी ठेवा, टोन उतरवा. फौजेत वायरलेसवर शिकलो तेच: सिग्नल आधी धड पोचवा, मग वाढवा. दुकानात जाताना आपलं वाद्य सोबत न्या.