दोन मिलिमीटरच्या आतला वाद

सायकलच्या मागच्या हबवर कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, बसतो तो खाचांचा भाग म्हणजे फ्रीहब बॉडी. शिमानोने 2012 मध्ये ड्युरा-एस 9000 हा अकरा गिअरचा संच जाहीर केला आणि रोड सायकलींची ही बॉडी 1.85 मिलिमीटरने लांब झाली. तेवढ्यावरून आठ-नऊ-दहा गिअरच्या जमान्यातली धडधाकट चाकं दुकानदारांच्या लेखी भंगारात गेली.

पुण्यात एका मिस्त्रींच्या पुढ्यात बसून मी हा वाद निकालात निघताना पाहिला. सायकलवर शिमानोचाच नवा अकरा गिअरचा 105 संच चढवायचा होता आणि चाकं होती दहा गिअरची, हाताने विणलेली, बत्तीस तारांची. मालक पोरगा चिंतेत. "काका, नवी चाकं घ्यावीच लागतील?"

काकांनी उत्तर दिलं नाही. जुनी कॅसेट साखळीच्या पान्याने अडवून लॉकरिंग सोडवली, बॉडी रॉकेलच्या फडक्याने पुसली. अॅल्युमिनियमच्या कडांवर चकत्यांनी चावे घेतले होते. तिथली उठलेली धार कानशीने हलकेच मारली. मग खोक्यातून 11-34 दातांची कॅसेट काढली. तिच्यासोबत आलेली 1.85 मिलिमीटरची रिंग बाजूला ठेवली. ती लांब बॉडीसाठी. इथे तिचं काम नाही.

गंमत या 34 मध्ये आहे. हबपासून रिमकडे जाताना तारा मधल्या रेषेकडे झुकत जातात. मोठी चकती त्यामुळे आत, तारांच्या दिशेने सरकवता येते; तिथे जागा असते. 11-28 च्या कॅसेटला ही सवलत नाही. ती जुन्या बॉडीवर बसवायला गेलं तर शेवटच्या चकतीला खाचांचा आधार पुरत नाही.

लॉकरिंग कर्र-कर्र करत 40 न्यूटन-मीटरवर घट्ट झाली. पुढचा वेळ गेला तो साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या डिरेलरवर. 34 साठी लांब पिंजऱ्याचाच लागतो, आखूड चालत नाही. काकांनी चाक हाताने फिरवत आतला स्क्रू पाव-पाव फेरा आवळला आणि पिंजरा तारांना घासत नाही हे कान लावून पाहिलं. मला हेच सगळ्यात नाजूक काम वाटलं. इथे चुकलं तर घाटात डिरेलर तारांत जातो आणि चाकासकट सगळंच बाद होतं.

साठ-सत्तरच्या दशकातल्या पाच गिअरच्या चाकांची गोष्ट वेगळी. त्यांचा हब 120 मिलिमीटरचा, आजच्या रिमब्रेकच्या रोड सायकलीचा 130 चा, शिवाय कॅसेटऐवजी आट्यांवर फिरवून बसवायचा फ्रीव्हील. तिथे हबच बदलावा लागतो.

दहा गिअरचं चाक मात्र टाकायच्या आधी रिमच्या ब्रेक लागतो त्या बाजूवर सरळ पट्टी आडवी धरून पाहा. रिम खोलगट झाली असेल किंवा झिजेची खूण पुसली गेली असेल, तर चाक खुशाल काढा. तसं नसेल तर नव्या चाकांचे पैसे वाचवा.