बाळंतविड्यात निकर कुठाय?

बाळंतविड्यात काय काय असतं, हे कुणालाही झोपेतून उठवून विचारा. झबली, टोपडी, कुंची, दुपटी, लंगोट, चांदीचं बोंडलं, बाळंतिणीला साडी नाहीतर खण, आणि डबे भरून डिंकाचे, अळिवाचे लाडू. मावश्या-आत्यांनी महिनाभर खपून जमवलेल्या या पसाऱ्यात बाळंतिणीच्या निकरीचा मात्र पत्ता नसतो. मग दवाखान्यातून फोन जातो आणि नुकताच बाबा झालेला गडी मेडिकलच्या काउंटरवर उभा राहून खालच्या आवाजात पुटपुटतो, ‘ते... लेडीज... ते हे... मोठ्या साइजचं...’ बाकीचं दुकानदारानं समजून घ्यायचं.

त्या बिचाऱ्यासाठी, आणि त्याहून जास्त तिच्यासाठी, ही थोडी माहिती आणि थोड्या गमती. जेवताना वाचू नये.

सिझर झालं म्हणून सुटका नाही

पुष्कळ जणींची समजूत असते की सिझर झालं म्हणजे सगळं वरूनच निघालं, आता खालून काही जायचं नाही. जातं. बाळ कुठल्याही वाटेनं येवो, वार सुटली की गर्भाशयाच्या आत जखम राहतेच. पूर्ण दिवसांच्या वारेचा व्यास साधारण २० सेंटीमीटर असतो, यावरून काय ते समजा. ती जखम भरेपर्यंत, म्हणजे ४ ते ६ आठवडे, अंगावरून जात राहतं. पहिले तीन-चार दिवस लालभडक, मग दहाव्या दिवसाच्या आसपासपर्यंत गुलाबी-तपकिरी, आणि पुढे पिवळट-पांढरं.

यात दोन गोष्टी अशा आहेत की आधी कुणी सांगत नाही आणि पहिल्याच रात्री घाबरगुंडी उडते. एक, तासन्‌तास आडवं पडून उठलं की एकदम भळकन जातं. ते नवं रक्त नसतं. आडवं असताना आत साचलेलं उभं राहिल्यावर खाली येतं, एवढंच. दुसरी गोष्ट जास्त मजेशीर. बाळ प्यायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं. दूध बाहेर ढकलणारं हे संप्रेरक गर्भाशयालाही आकसायला लावतं, त्यामुळे वर बाळ चुटुचुटु पितंय, खाली पोटात कळ येतेय आणि पॅड ओला होतोय, असा तिहेरी कार्यक्रम चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात या कळा जास्त जोरात येतात. बक्षीस म्हणायचं!

गंमत कुठे संपते तेही सांगून टाकते. जाड पॅड तासाभरात चिंब होतोय आणि असं लागोपाठ दोन तास चाललंय, अंड्याएवढ्या गाठी पडतायत, घाण वास येतोय किंवा ताप चढलाय, तर सरळ डॉक्टरांना फोन. ‘बाळंतिणीला जातंच असं’ म्हणणारी काकू कितीही अनुभवी असो, तिला नंतर समजावता येईल.

टॅम्पॉन आणि कप यांना सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत रजा. राहिला पॅड, तोही लांब, रुंद, जाड. म्हणजे बाळंतिणीच्या निकरीचं पहिलं काम ठरलं: हा पॅड जागच्या जागी धरून ठेवणं. नाजूक लेसवाल्या त्रिकोणी तुकड्याला ते झेपत नाही.

काप आधी, बिकिनी नंतर

हेर्मान योहानेस फॅनेनश्टील या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञानं १९०० साली ओटीपोटावरच्या आडव्या कापाचं वर्णन प्रसिद्ध केलं. आज बहुतेक सिझर त्याच पद्धतीच्या आडव्या कापानं होतात. लोक त्याला बिकिनी कट म्हणतात, कारण व्रण बिकिनीखाली झाकला जातो. बिकिनी बाजारात आली १९४६ साली, तेव्हा फॅनेनश्टीलसाहेबांना जाऊन साडेतीन दशकांहून जास्त काळ लोटला होता. त्यांच्या डोक्यात पोहण्याचा पोशाख नव्हता, हर्निया टाळायचा होता.

आणि विनोद असा, की या बिकिनी कटावर बिकिनी निकर अजिबात चालत नाही. लो-वेस्ट निकरीचं इलॅस्टिक नेमकं टाक्यांच्या रेषेवर येऊन बसतं. बसलं की घासतं, उठलं की ओढतं, शिंकलं की विचारूच नका. म्हणून सिझरवालीनं बेंबीच्या वर जाणारी, आजीछाप, उंच कमरेची निकर घ्यावी. दिसायला तंबू, पण इलॅस्टिक जखमेपासून लांब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात सुमारे २५ टक्के आणि गोव्यात जवळपास ४० टक्के बाळंतपणं सिझरनं झाल्याचं दिसलं. एवढी गिऱ्हाइकं असूनही दुकानात मांडून ठेवलेली असते ती लो-वेस्टच.

नॉर्मलवालीचं दुखणं वेगळ्या जागी. टाके खाली असतील तर जांघेत काचणारी, शिवण मध्यभागी येणारी निकर नको. घेताना उलटी करून बघा. मधला पट्टा रुंद, सुती आणि दुपदरी हवा, त्याच्या शिवणी दोन्ही कडांना हव्यात. दुकानदार टकमक बघेल. बघू दे.

ऑस्करला न चाललेली चड्डी

अमेरिकेत बाळंतिणीला हॉस्पिटलमध्ये जाळीची निकर मिळते. मासे पकडायच्या जाळ्याची चुलत बहीण. ताणावी तेवढी ताणते, कुठेही काचत नाही, आत पॅड आणि बर्फाची पट्टी दोन्ही मावतात, आणि मळली की फेकून द्यायची. सुंदर या शब्दाशी तिचा दूरचाही संबंध नाही, तरी घरी जाताना नर्सकडे आणखी चार मागून पिशवीत टाकणाऱ्या आया तिथे सर्रास भेटतात. महागड्या हॉटेलातून साबण उचलणाऱ्यांना हे लगेच कळेल.

२०२० साली ‘फ्रिडा मॉम’ या कंपनीनं एक जाहिरात केली. रात्री बाळ रडतं, आई जाळीच्या निकरीत अवघडत उठते, संडासात जाते, बाटलीतल्या पाण्यानं सावकाश धुते, पॅड बदलते. बस्स. ऑस्कर सोहळ्याच्या प्रक्षेपणात ही जाहिरात घ्यायला नकार मिळाला. मग ती इंटरनेटवर लाखो लोकांनी पाहिली. पडद्यावर दर शुक्रवारी डझनानं मुडदे पडतात ते चालतात, बाळंतीण मुतायला गेली की संस्कृती हादरते. आपल्याकडेच असं होतं असं नाही, एवढंच समाधान.

त्या जाहिरातीतली बाटली मात्र उचलण्यासारखी आहे. टाके असताना लघवी झोंबते, तेव्हा सोबतच कोमट पाण्याची धार सोडली की जळजळ बरीच कमी होते. आपल्या तांब्यानंही तेच काम होतं.

शिस्त बघायची तर जपानमध्ये. तिथे बाळंतिणीसाठी ‘सानजोकु शॉर्ट्स’ नावाची खास निकर मिळते. तिचा मधला भाग चिकटपट्टीनं पुढून उघडतो. बाळंतीण आडवी असतानाच नर्सनं पॅड बदलायचा, टाके तपासायचे, निकर उतरवायची गरजच नाही. सोबतचे पॅडही एल, एम, एस असे उतरत्या मापात. रक्त कमी होत जाईल तशी आईला वरच्या वर्गातून खालच्या वर्गात बढती! भारतातल्या एखाद्या होजिअरीवाल्यानं ही चिकटपट्टीची युक्ती उचलावी, मी स्वतः ओळखीत चार गिऱ्हाइकं आणून देईन.

पोट लगेच का जात नाही

२३ जुलै २०१३ रोजी ब्रिटिश राजघराण्याची सून केट मिडलटन बाळाला घेऊन लंडनच्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर आली, तेव्हा ठिपक्यांच्या ड्रेसखाली तिचं पोट स्पष्ट दिसत होतं. त्याचं लोकांना केवढं आश्चर्य वाटलं! बाळंतपण झालं की लगेच गर्भाशय साधारण एक किलोचं असतं आणि बेंबीपर्यंत पोचलेलं असतं. ते रोज बोटभर खाली सरकतं आणि सहा आठवड्यांत १०० ग्रॅमच्याही खाली येतं. सहा आठवड्यांत. रात्रीतून नव्हे, राजवाड्यातही नव्हे.

तेव्हा निकरीचं माप लग्नाच्या वेळचं धरू नका. गरोदरपणाच्या आधीच्या मापापेक्षा एक-दोन नंबर मोठी घ्या. ९० ची असेल तर ९५ किंवा १००. आपल्याकडचे हे आकडे सेंटीमीटरचे असतात, आणि कमरेपेक्षा नितंबाचं माप घेतलेलं बरं, कारण पॅडसुद्धा त्याच जागेत भाड्यानं राहणार आहे.

आता पोटपट्ट्याकडे

नववारीची जुनी, धुऊन मऊ झालेली पट्टी घेऊन बाळंतिणीचं पोट बांधायचं, हे आपल्याकडे आजी करायची. चरकसंहितेच्या शारीरस्थानात हेच सांगितलंय: तूप-तेल चोळून मोठ्या स्वच्छ कापडानं पोट वेढायचं, म्हणजे वाताला आत जागा राहत नाही. मलेशियात बेंगकुंग, जपानमध्ये सराशी, मेक्सिकोत फाहा. एकमेकींची भाषा न जाणणाऱ्या आज्यांनी एकच उपाय शोधला, तर त्यात काहीतरी असणारच.

काय असावं? सिझरनंतर पट्ट्यानं आधार मिळतो, खोकताना-उठताना दुखणं कमी होतं, असं आढळलंय. पण पट्ट्यानं गर्भाशय लवकर आकसतं किंवा चरबी वितळते, हे जाहिरातवाल्यांचं पुराण. उलट करकचून आवळला की सगळा दाब खाली ओटीपोटाच्या तळावर येतो, आणि तिथले स्नायू आधीच थकलेले. बाळंतपणानंतर साधारण तीनातल्या एकीला शिंकताना, हसताना थोडी लघवी सुटते. त्यात ही भर नको. ‘पोट आत घेणारी’ घट्ट निकर घ्यायची असेल तर ती घालून पोटभर श्वास घेऊन बघा. घेता आला नाही, तर ती दुकानातच शोभते.

शेगडीशेजारी नायलॉन नको

सुती कापडाच्या बाजूनं डॉक्टर हवेशीरपणाचं कारण देतात, आणि ते खरंच आहे. गरोदरपणात साठलेलं पाणी बाहेर टाकायला शरीर घामावर घाम काढतं. पहिल्या आठवड्यात रात्री गाऊन पिळून काढावा अशी वेळ येते. सुती कापड तो घाम टिपतं, नायलॉन तो तिथेच साठवतं. पण मराठी घरात आणखी एक कारण आहे. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, त्यात ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी, आणि वर नायलॉनची जाळीदार निकर! कापूस पेटला तरी जळून राख होतो, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. शिवाय टाके ताजे असतील तर शेकाबद्दल आधी डॉक्टरांना विचारा, मग आजीला.

पॅडचा थोडा पूर्वेतिहास

विकत मिळणाऱ्या पॅडच्या घराण्यात एक शाखा थेट बाळंतिणीच्या खोलीतून निघालेली आहे. १८९० च्या दशकात जॉन्सन अँड जॉन्सननं घरच्या बाळंतपणासाठी तयार पेट्या विकायला काढल्या, त्यात रक्त टिपायचे पॅड होते. दुसरी शाखा युद्धातली: पहिल्या महायुद्धात जखमा बांधायला आणलेलं सेल्युकॉटन नावाचं टिपणारं साहित्य परिचारिकांनी पाळीसाठी वापरून पाहिलं, आणि १९२० मध्ये त्याच मालाचं कोटेक्स नावाचं पॅड झालं. खाली गोंद लावलेला पॅड १९७० च्या आसपासचा. तोवर कमरेला पट्टा बांधून, पुढेमागे अडकवून पॅड टांगावा लागे. म्हणजे पॅड सांभाळायची नोकरी निकरीला लागून जेमतेम अर्धशतक झालंय.

खरेदीला निघालात तर

पुण्याच्या तुळशीबागेत जा नाहीतर ऑनलाइन मागवा, सातव्या-आठव्या महिन्यातच घ्या. हॉस्पिटलच्या पिशवीत पाच-सहा, त्यातल्या निम्म्या वापरून फेकायच्या असल्या तरी चालतील. घरच्यासाठी आणखी सहा-सात सुती. रंग काळा, मरून, गडद निळा. डागांची चिंता मिटते, आणि रक्ताचा रंग बघायला पांढरा पॅड आहेच.

डाग थंड पाण्यात काढायचे. गरम पाण्यानं रक्तातली प्रथिनं धाग्यात पक्की बसतात, मग कितीही घासा. आणि वाळत घालताना निकर दोरीवर टॉवेलखाली, टॉवेलवर परत ओढणी, असं दडवून ठेवायचं बंद करा. ओलसर राहिलेली निकर म्हणजे बुरशीला आमंत्रण, तेही टाके असलेल्या बाईला. उघड्यावर, उन्हात, ताठ मानेनं वाळू दे. श्रावणातलं बाळंतपण असेल तर इस्त्री फिरवा.

नवऱ्याला पाठवणार असाल तर चिठ्ठीवर नीट लिहा: सुती, उंच कमरेची, गडद, १०० नंबर, सहा नग. ‘तुला आवडेल ती आण’ एवढं मात्र लिहू नका.