धरण केव्हा भरेल?

तंजावर म्हटले की मराठी मनाला भोसले राजांचे स्मरण होते, सरस्वती महालातील ग्रंथसंपदा डोळ्यांसमोर येते. पण १८५५ मध्ये लयास गेलेल्या त्या राज्याचे वैभव उभे होते ते भातशेतीवर, आणि भातशेती उभी होती कावेरीच्या पाण्यावर. १९३४ पासून या पाण्याचे मोठे कोठार म्हणजे मेट्टूरचे धरण. प्रथेप्रमाणे १२ जूनला त्याचे दरवाजे उघडावयाचे, आणि त्या पाण्यावर ‘कुरुवै’ हे अल्पमुदतीचे भातपीक घ्यावयाचे. साठा अपुरा असला की ही तारीख पुढे जाते. म्हणून धरण केव्हा भरेल, हा प्रश्न तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने केवळ गणिताचा नव्हे. रोपे केव्हा टाकावीत, याचे उत्तर त्यावर अवलंबून असते.

असा प्रश्न भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त घातला आहे. चार झरे एक हौद स्वतंत्रपणे अनुक्रमे एक दिवस, अर्धा दिवस, एक तृतीयांश व एक षष्ठांश दिवसात भरतात. चारही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? येथे वेळांची बेरीज करावयाची नसते, वेगांची करावयाची असते. एका दिवसात पहिला झरा एक हौद भरील, दुसरा दोन, तिसरा तीन व चौथा सहा, मिळून बारा. तेव्हा एक हौद दिवसाच्या बाराव्या भागात, म्हणजे दोन तासांत भरेल.

धरणाचा हिशेबही याच रीतीने होतो; मात्र तेथे येणाऱ्या पाण्यातून जाणारे पाणी वजा करावे लागते. समजा, दर सेकंदास ५०,००० घनफूट पाणी येत आहे आणि १०,००० घनफूट सोडले जात आहे. उरलेले ४०,००० घनफूट दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणले की रोजची भर सुमारे साडेतीन अब्ज घनफूट होते.

परंतु खरी गफलत होते ती पुढेच. मेट्टूरची पूर्ण पातळी १२० फूट व साठा सुमारे साडेत्र्याण्णव अब्ज घनफूट. पातळी १०० फुटांवर आली, की एक षष्ठांशच भरावयाचे राहिले, असे वाटते. त्या हिशेबाने साडेचार दिवस पुरावेत. पण धरण हे सरळ भिंतींचे पिंप नव्हे. नदीचे खोरे तळाशी अरुंद व वर रुंद असते. शंकूसारखे निमुळते भांडे अर्ध्या उंचीपर्यंत भरले, तर त्यात अर्धे नव्हे, अवघे एक अष्टमांश पाणी मावते. तसेच येथेही घडते. १०० फुटांवर मेट्टूरमध्ये सुमारे पासष्ट अब्ज घनफूट पाणी असते. वरच्या वीस फुटांतच उरलेले साडेअठ्ठावीस अब्ज सामावते. म्हणजे साडेचार नव्हे, आठांहून अधिक दिवस हवेत. आणि वरची आवक घटली, तर त्याहूनही अधिक.

उलट, पातळी उतरतानाही हाच नियम चालतो. वरचा एक फूट पुष्कळ शेतांना पुरतो, तळाजवळचा एक फूट थोड्यांनाच. म्हणून धरणातील पाण्याची पातळी फुटांत ऐकली, तरी पिकाचा विचार घनफुटांतच करावा. तंजावरच्या खाचरातील रोपाला पातळीचा आकडा पोसत नाही. पाण्याचे घनफळ पोसते.