पूक्को: लाकडाची सोबतीण

पेन्सिल तासताना सुरी कधी खोल घुसते, कधी नुसतीच घसरते. फिनलंडच्या ‘पूक्को’ सुरीचं तसं सहसा होत नाही. तिच्या पात्याचा रुंद, सपाट उतार थेट धारेपर्यंत जातो. तो लाकडावर टेकवला की पटाशीसारखा धारेला वाट दाखवतो. दगडावर घासतानाही तोच टेकवायचा. कोन आपोआप साधतो. किती सुंदर युक्ती! मूठ बहुधा बर्चच्या लाकडाची किंवा सालीची. कडाक्याच्या थंडीत धातू हाताची ऊब झटकन ओढून घेतो, लाकूड फार हळू.

लढाईसाठी मात्र ती मला अपुरी वाटते. १९३९-४०च्या हिवाळी युद्धात फिनिश सैनिकांकडे ती होती. पण पारंपरिक पूक्कोला तलवारीसारखी परज नसते. खुपसताना पातं अडलं, तर ओला हात सरकून थेट धारेवर जातो.