आकाशातल्या गुठळ्या

आम्ही पडलो मराठीचे प्राध्यापक! 'क्षोभ' म्हटला की आम्हांला दुर्वास आठवायचे. त्यामुळे पुण्यात खगोलशास्त्राचे संशोधन करणाऱ्या भाच्याने 'विश्वातील विक्षोभ' हा आपला विषय सांगितला, तेव्हा मी विचारले, "विश्वाला राग कशाचा आला रे?"

"राग नव्हे मामा, गुठळ्या!"

विश्व अवघे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना सुटलेला प्रकाश आजही आपल्याकडे येतो. त्याच्या तापमानात लाखात एका भागाइतका फरक आहे, हे १९९२ साली 'कोबे' उपग्रहाने दाखविले. पिठल्यातली गुठळी आपण ढवळून मोडतो. आकाशात ढवळणार कोण? जिथे द्रव्य किंचित अधिक, तिथे ओढ अधिक. ओढ अधिक म्हणून द्रव्य आणखी अधिक! अशा वाढलेल्या गुठळ्या म्हणजेच दीर्घिका.

पुढे १९९८ साली दिसून आले, की विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढतो आहे. कोणी म्हणाले, ही अदृश्य ऊर्जेची करणी. कोणी म्हणाले, आइन्स्टाइनचा १९१५ चा गुरुत्वसिद्धांतच सुधारायला हवा. भाचा या दुसऱ्या पक्षाचा. सिद्धांत बदलला की गुठळ्या वाढण्याची गतीही बदलते. ती किती, याची आकडेमोड त्याने चार वर्षे केली.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची गुरुत्वलहर पृथ्वीवर पोचली, पाठोपाठ १.७ सेकंदांनी गॅमा किरण. प्रवास सुमारे १३ कोटी वर्षांचा, आणि अंतर एवढेसे! म्हणजे दोघांची चाल जवळजवळ एकच. ज्या सुधारित सिद्धांतांत ती वेगळी येत होती, त्यांतले बरेचसे गारद झाले. भाच्याचाही झाला.

ही वार्ता १६ ऑक्टोबरला जाहीर झाली आणि तीनच दिवसांनी लक्ष्मीपूजन. ताईने फराळाचे ताट पुढे केले, तरी स्वारी गप्पच.

"चार वर्षे फुकट गेली ना रे?" मी हळूच विचारले.

"चुकलं ते कळलं, मामा. आता ते सोडायचं, नि जे टिकलेत ते तपासायचे." असे म्हणून त्याने चकली उचलली.

माझ्या घशात मात्र लाडू अडकला. एका पोथीच्या काळाविषयीचा माझा तर्क चुकल्याचे मला पाच वर्षांपूर्वीच कळले होते. वर्गात मी अजून तोच शिकवीत होतो!

सुट्टी संपताच पहिल्या तासाला मी मुलांपुढे चूक कबूल केली. भाच्याचे लक्ष आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हावयाच्या गुरुत्वलहरींच्या वेधशाळेकडे लागले आहे. तिथून काय निघेल ते निघो. ऐकायला मामा तयार आहे.